भंडाऱ्यात पहिले घर: आधी हद्द पाहा, मग हॉल

जाहिरातीत लिहिलेले असते 'भंडारा शहरात'. सातबारा काढला की गाव निघते खोकरला, बेला, भोजापूर नाही तर गणेशपूर. पहिलेच घर घेणाऱ्या वाचकांचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात. नळ कोणाचा? नकाशा कोणी मंजूर केला? प्रधानमंत्री आवासचे अनुदान मिळेल का? रेरा क्रमांक नाही म्हणतात, मग स्कीम बोगस आहे का? नागपूरला अपडाऊन करणारे, वरठीच्या सनफ्लॅगमध्ये किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरी करणारे, गडेगावच्या अशोक लेलँडमधले, सगळ्यांची विचारणा थोड्याफार फरकाने हीच. नागपुरात परवडत नाही आणि भाडे भरायचा कंटाळा आला, म्हणून भंडाऱ्यात नवे घर घेणार असाल तर पुढचा क्रम पाळा.

जाणार कसे, हे घर पाहण्याआधी ठरवा

भंडारा ते नागपूर महामार्गाने साठेक किलोमीटर. पण नागपूर म्हणजे कुठले नागपूर? कापसी, पारडी किंवा इतवारीला काम असेल तर गोष्ट वेगळी. मिहान, बुटीबोरी, हिंगणा ही शहराच्या दुसऱ्या अंगाला आहेत; पारडीनंतरचा तासभर कोणताही बिल्डर हिशेबात धरत नाही. बयाना देण्याआधी सोमवारी सकाळी, तुमच्या ड्युटीच्या वेळेला, एकदा जाऊन या. रविवारी दुपारी दलालाच्या गाडीतून केलेला प्रवास यात मोजू नका.

रेल्वेने जाणार असाल तर एक गोष्ट बाहेरगावच्या लोकांना उशिरा कळते. 'भंडारा रोड' स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. रेल्वेनेच ये-जा करायची असेल तर घर वरठीच्या बाजूला पाहणे शहाणपणाचे. काही गाड्या नागपूर मुख्य स्थानकाऐवजी इतवारीपर्यंतच असतात. तुमच्या वेळेची गाडी कुठे थांबते ते आधी पाहून घ्या.

कारने जाणाऱ्यांनी माथनीचा टोल मासिक खर्चात धरावा. राष्ट्रीय महामार्गांसाठी खासगी गाड्यांचा फास्टॅग वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत सुरू झाला. त्याची मर्यादा एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी होईल ते. नाका एकदा ओलांडला की एक फेरी, म्हणजे रोज जा-ये करणाऱ्याचा पास शंभर दिवसांत संपतो.

आणि 'मेट्रो येणार' हे वाक्य ऐकून भाव वाढवून देऊ नका. नागपूर मेट्रोचा मंजूर दुसरा टप्पा या बाजूला प्रजापतीनगरपासून कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंत आहे, भंडाऱ्यापर्यंत नाही. भंडारा रोडपर्यंतच्या ब्रॉडगेज मेट्रोची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. ती झाली तर आनंदच आहे, पण आज तुम्ही जे मोजता ते आजच्या रस्त्याचे मोजा.

हद्द कोणाची?

पहिल्या भेटीत हॉल किती मोठा हे विचारू नका. मौजा, गट किंवा सर्व्हे क्रमांक, आणि जागा नगर परिषदेत की ग्रामपंचायतीत, हे विचारा. जो माणूस हे लगेच कागदावर लिहून देत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

हद्दीवर काय काय ठरते ते पाहा:

- बांधकाम परवानगी. नगर परिषद हद्दीत मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नगर परिषदेचे. बाहेर, बहुमजली इमारतीला नुसते ग्रामपंचायतीचे नाहरकत पुरत नाही. सक्षम नियोजन प्राधिकरणाच्या शिक्क्याचा नकाशा मागा. 'सरपंचांची सही आहे' हे उत्तर अपुरे आहे.
- मुद्रांक शुल्क. नगर परिषद आणि ग्रामपंचायत क्षेत्राचे दर सारखे नसतात. करारातली किंमत आणि शासनाच्या दर तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर शुल्क लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय तक्ता आहे.
- पाणी आणि सांडपाणी. शहरालगतच्या बऱ्याच वसाहती बोअरवर आणि सेप्टिक टँक, शोषखड्ड्यांवर चालतात. बोअर किती फूट आहे, एप्रिल-मे महिन्यात किती वेळ चालते, हे बिल्डरला नाही, शेजारच्या इमारतीतल्या बायांना विचारा.
- अनुदान. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) शहरी आणि अधिसूचित नियोजन क्षेत्रासाठी आहे. रस्त्याच्या अलीकडचे घर पात्र आणि पलीकडचे अपात्र, असे होऊ शकते.

मौदा किंवा कापसीकडे घर पाहत असाल तर जिल्हा बदलतो. तिथे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी पाहावी लागते. भंडाऱ्याच्या कागदांची सवय तिथे कामी येत नाही.

नदी कुठवर आली होती?

भंडाऱ्यात घर घेताना हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा मानतो, आणि ब्रोशरमध्ये नेमका हाच नसतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, वर पाऊस, आणि वैनगंगा शहरात शिरली. खाली गोसीखुर्द धरण आहे, त्याचे बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत येते. म्हणजे पावसाळ्यात नदी आधीच भरलेली असते. कारधा पुलाजवळची पातळी पावसाळ्यात दर वर्षी बातमीत येते, ती उगीच नव्हे.

पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध; तिथे नवे घर मंजूरच होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम चालते, जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवावे लागते. तुम्ही काय कराल?

१. नगर परिषद किंवा नगर रचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पूररेषा त्यावर दाखवली आहे का पाहा. नसेल तर जलसंपदा विभागात गट क्रमांकासह लेखी अर्ज करा.
२. जागेवर जा, आणि २०२० मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते ते जुन्या रहिवाशांकडून दाखवून घ्या. नुसते ऐकू नका, हात लावून दाखवायला सांगा. किराणा दुकानदाराला फळी कितवी बुडाली ते आठवते. तेवढी उंची जोत्याशी ताडून पाहा.
३. पार्किंग जमिनीखाली असेल तर विजेचे मीटर आणि लिफ्टची मोटार कुठल्या पातळीला आहे ते पाहा. घर कोरडे राहून मीटरची खोली बुडाली तरी अंधारातच बसावे लागते.

दुसरा प्रश्न मातीचा. शहराभोवतीचे अनेक ले-आऊट काल-परवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच तयार केलेली जमीन. तिच्यावर मुरमाचा थर टाकला, चुन्याच्या रेषा मारल्या, म्हणून तिचा गुण जात नाही. उन्हाळ्यात ले-आऊट गुळगुळीत दिसतो. जुलैच्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा. पाणी कुठून येते, कुठे साचते, शेजारच्या शेताचा बांध फोडून ते कुठे काढले आहे, सगळे उघड्यावर असते. डुप्लेक्स किंवा रो-हाऊस घेणाऱ्यांनी पायाची खोली आणि कॉलमचा तपशील स्ट्रक्चरल नकाशावर पाहावा, स्वतःचा इंजिनिअर नेऊन. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

पिण्याच्या पाण्याबद्दल भंडारेकरांना वेगळे सांगायला नको. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते. त्यामुळे 'नळ आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. सोसायटीत शुद्धीकरणाची सोय आहे का, तिची देखभाल कोण करणार, हे करारात येऊ द्या.

रेरा क्रमांक नाही, म्हणजे स्कीम बोगस?

तसे नाही. हा गोंधळ इथे सर्वांत जास्त आहे, कारण भंडाऱ्यातल्या बऱ्याच नव्या स्कीम लहान असतात: सहा फ्लॅट, आठ फ्लॅट, चार डुप्लेक्स. २०१६ च्या रेरा कायद्यात जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल, किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. प्लॉटचे ले-आऊटही या कायद्याच्या कक्षेत येतात, हे मात्र विसरू नका.

'सर्व टप्पे मिळून' हे शब्द लक्षात ठेवा. एकाच जागेवर 'अ' इमारतीत आठ आणि 'ब' इमारतीत आठ फ्लॅट दाखवून नोंदणी टाळली असेल, तर ती पळवाट आहे. अशा ठिकाणी बयाना देऊ नका.

क्रमांक असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. मोबाईल धरला की मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर तारीख, जागेवरचे कर्ज आणि खटले दिसतात. ब्रोशरवरची तारीख आणि तिथली तारीख जुळते का ते आधी पाहा. नोंदणी झालेल्या प्रकल्पात तुमचे मुख्य हक्क असे:

- किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही.
- घर चटई क्षेत्रावर विकायचे. 'सुपर बिल्टअप'चा भाव सांगितला तर कागदावर चटई क्षेत्र लिहायला लावा आणि भागाकार स्वतः करा.
- ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या जमीन आणि बांधकाम खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.
- ताबा लांबला तर बाहेर पडून सव्याज परतावा, किंवा थांबून दर महिन्याचे व्याज, निवड तुमची. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के आहे.
- ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा.

क्रमांक कायद्यानेच लागत नसेल, तरी तुम्ही उघडे पडत नाही. महाराष्ट्राचा १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा, म्हणजे लोक ज्याला मोफा म्हणतात, तो आहे. त्यात २० टक्क्यांपर्यंतच आगाऊ रक्कम, तीही लेखी नोंदणीकृत करारावर. फरक इतकाच की वेगळे खाते नाही, संकेतस्थळावर माहिती नाही, तिमाही अहवाल नाही. जे काम महारेराने केले असते ते तुम्हाला आणि तुमच्या वकिलाला करावे लागते. माझे मत विचाराल तर लहान स्कीममध्ये बांधकाम चालू असताना पैसे गुंतवू नका. भोगवटा प्रमाणपत्र हातात असलेले तयार घर घ्या. चार पैसे जास्त जातील.

कागद: वकिलाकडे जाण्यापूर्वी तुम्हीच पाहा

सातबारा आणि फेरफार महाभूलेखवर मिळतो. प्रलंबित फेरफार 'आपली चावडी'वर दिसतो. शहरातल्या जागेच्या उताऱ्याला आपल्याकडे आखीव पत्रिका म्हणतात, ती भूमी अभिलेख कार्यालयाची. जुने दस्त सूची २ मध्ये शोधता येतात. या कागदांत तीन ठिकाणी थांबा.

भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असेल तर जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगीचा आदेश आहे का, हे आधी.

नझूल. भंडारा शहरात नझूल जमिनी आहेत. त्या शासनाच्या भाडेपट्ट्यावरच्या. भाडेपट्ट्याची मुदत किती उरली, नूतनीकरण झाले का, हस्तांतरणाची परवानगी आहे का, हे न पाहता घेतलेल्या फ्लॅटवर बँक ऐनवेळी हात वर करते.

इतर हक्क हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा बोजा, बहिणींचे वारसा हक्क, भूसंपादनाची नोंद, सगळे तिथे लपलेले असते. नागपूर-गोंदिया द्रुतगती महामार्गासाठी भूसंपादनाचे काम असल्याने शहराबाहेरचा गट घेताना हा रकाना दोनदा वाचा.

याशिवाय अकृषक आदेश किंवा सनद, मंजूर ले-आऊट, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि तीस वर्षांचा शोध अहवाल. शोध अहवाल बिल्डरच्या वकिलाचा नको, तुमच्या वकिलाचा हवा. फ्लॅट असेल तर जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे करारात आकड्याने लिहिलेले असावे. आपल्या भागात अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून फ्लॅट विकण्याची पद्धत आहे. त्या घोषणापत्राची प्रत मागा. त्यात गच्ची कोणाची ते कळते.

पैशाचा हिशेब

समजा, चटई क्षेत्र ८५० चौरस फूट आणि किंमत ३२ लाख.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. म्हणजे २८ लाख ८० हजार. ऐकायला गोड. पण प्रधानमंत्री आवास (शहरी) २.० मधल्या व्याज अनुदानाला घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्के घर नसावे. पहिल्या ८ लाख कर्जावर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. २८ लाख ८० हजारांचे कर्ज काढले की हे अनुदान गेले. जवळ ७ लाख असतील तर कर्ज २५ लाखांवर थांबवा. अर्थात मुद्रांक शुल्काची रक्कम त्याशिवाय हाताशी हवी, कारण ती सहसा कर्जात धरत नाहीत.

जीएसटी फक्त बांधकाम चालू असलेल्या घरावर. भंडाऱ्यासारख्या महानगराबाहेरच्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, म्हणजे आपल्या उदाहरणात ३२ हजार. एरवी ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर तो लागतच नाही. तयार घराच्या हिशेबात कोणी जीएसटी लावला असेल तर कशाचा ते विचारा.

नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. 'फक्त' हा शब्द नीट वाचा. नवरा-बायको दोघांच्या नावे केले की सवलत नाही. कर्जासाठी दोघांचे उत्पन्न धरायचे असेल तर नवऱ्याला मालक न करता नुसता सहकर्जदार करायला बँक तयार आहे का, हे आधी विचारा.

बिल्डरने 'थोडे रोख द्या, रजिस्ट्री कमी किमतीची लावू' म्हटले तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय उद्या परतावा मागायची वेळ आली तर कागदावर नसलेले पैसे कोणतेही प्राधिकरण परत मिळवून देत नाही.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चावी घेऊ नका, गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला असला तरी. महावितरणचे मीटर तुमच्या नावावर, की अजून बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर, ते पाहा. वरचा मजला असेल तर गच्चीच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे का विचारा. भंडाऱ्याच्या मे महिन्यात त्याचा फरक रात्री कळतो. कूलर लावायला खिडकीबाहेर जागा आणि जवळ पाण्याचा नळ आहे का? नव्या इमारतींत सरकत्या काचा बसवतात आणि कूलर कुठे ठेवायचा हे कोणीच ठरवलेले नसते. मंजूर नकाशा हातात घेऊन खोल्या मोजा. उघड्या जागेतले पार्किंग विकता येत नाही. तुमच्या करारात त्याची वेगळी किंमत लावली असेल तर ती काढायला लावा.

बिघडले तर

आधी लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टाने. फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून धरू नका. प्रकल्प नोंदणीकृत असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा, फी ५,००० रुपये. तिथे सलोखा मंचाचाही पर्याय आहे. नोंदणी नसेल, किंवा नोंदणीच टाळली असेल, तर भंडाऱ्यातच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे तिथे चालतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, २० ते ५० लाखांत १,००० रुपये. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. बिल्डर 'पुढच्या दिवाळीपर्यंत' म्हणत राहतो आणि ही मुदत सरते. म्हणून ताब्याची तारीख टळली की त्याच महिन्यात नोटीस पाठवा. पैसे भरल्याच्या पावत्या, कराराची प्रत आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप छापून एकाच फाईलला लावून ठेवा. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.